वरकुट्याच्या बांधावरून वळवलेला उपग्रह

एसटी स्वारगेटच्या फाटकातून बाहेर पडली न पडली तोच शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघत विचारलं, "कुणाकडं निघालाय?"

"माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी आहे, सारिका. तिच्या घरी. इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला."

"लगीन हाय व्हय तिचं?"

"नाही हो. हुरडा खायला बोलावलंय."

"आन आला कुठनं?"

"बेंगळुरूहून."

"हुरडा खायला बेंगळुरूवरनं!" बाईंनी मला नीट न्याहाळलं. "काम काय करता?"

माझ्या कामाचं खरं उत्तर एसटीत द्यायचं नसतं, हे मी अनुभवाने शिकले आहे. "सरकारी नोकरी," मी म्हटलं. "येत्या उन्हाळ्यात संपतेय."

बाईंचा चेहरा उजळला. सासवड येईपर्यंत त्यांनी निवृत्तीनंतर कुठे राहावं, काय पथ्य पाळावं आणि गुडघ्यांना कोणतं तेल लावावं, हे सगळं मला सांगून टाकलं. मोरगावला त्या उतरल्या आणि मी खिडकीतून ज्वारीची भरलेली कणसं बघत बसले.

तुम्हाला मात्र खरं उत्तर द्यायला हवं, नाहीतर पुढची हकिगत कळणार नाही. आकाशातले काही तारे आणि काही कृष्णविवरांच्या भोवतालचा तापलेला वायू क्ष-किरण फेकतात. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात, तेच हे किरण. ते आपल्या हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून त्यांना पकडायचं उपकरण उपग्रहावर बसवून वर पाठवावं लागतं. किरण किती येतात, किती जोराचे येतात, हे जग कधीपासून मोजतं आहे. आम्ही मोजतो ती त्यांच्या डोलण्याची दिशा. किरण म्हणजे लहरी. त्या एरवी वाटेल तशा डोलत येतात, उभ्या, आडव्या, तिरक्या. पण कधी कधी त्यातल्या बऱ्याचशा एकाच दिशेत डोलतात. याला ध्रुवण म्हणतात. ही दिशा कळली की किरण जिथून निघाले तिथल्या वायूची मांडणी कळते. नुसत्या दुर्बिणीला तिथे एक ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्यात काय उभं आहे नि काय आडवं, हे तो ठिपका काही सांगत नाही.

बारामतीच्या स्टँडवर सारिका जीप घेऊन उभी होती. माझ्याकडे डॉक्टरेट केलेली ही मुलगी आमच्या गटातली सगळ्यात शांत माणूस. बैठकीत बोलायची वेळ आली की वहीत मान घालते. इथे मात्र तिने रिक्षावाल्याला "ए भाऊ, गाडी मागं घे की!" असा आवाज दिला, तेव्हा ही तीच का, असं मला वाटून गेलं.

बारामतीतल्याच मुलींच्या एका कॉलेजात आधी माझं व्याख्यान ठरलं होतं. प्रोजेक्टरने माझ्या लॅपटॉपला ओळख दाखवायचं साफ नाकारलं. दोन शिपाई आणि एक प्राध्यापक त्याच्याशी झगडत असताना सारिका कुठूनशी कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आली. उभ्या पट्ट्यांची पाठ असलेली एक लाकडी खुर्ची मधे ठेवली, दोरी त्या पट्ट्यांमधून ओवली आणि एक टोक पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिलं.

"वरखाली हलव," मी म्हटलं. दोरीची लाट फटीतून आरपार गेली.

"आता डावीउजवीकडे."

लाट पट्ट्यांवर आपटून थांबली. मुली हसल्या. ध्रुवण म्हणजे काय, हे सांगून झालं होतं.

मग उपकरण सांगितलं. मधोमध बेरिलियम नावाच्या हलक्या धातूची तबकडी आणि चार बाजूंना चार मोजणी करणाऱ्या पेट्या. वरून क्ष-किरण तबकडीवर पडतो आणि बाजूला उडतो. तो ज्या दिशेत डोलत असतो, तिच्या काटकोनात उडायची शक्यता जास्त. उपग्रह संथपणे स्वतःभोवती फिरत राहतो आणि आम्ही कोणत्या बाजूला किती उडाले ते मोजत राहतो. गंमत एवढीच, की काही नक्की म्हणायचं तर असे उडालेले किरणांचे लाखो कण (फोटॉन) लागतात. म्हणून एकाच ठिकाणी आठवडेच्या आठवडे नजर लावून बसावं लागतं.

मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, "मग त्या वेळात बाकीचे तारे?"

"वाट बघतात."

"आत्ता कुणाचा नंबर आहे?"

"माझा," मी म्हटलं आणि नको तितकी हसले असणार.

कारण ते खरं होतं. उपग्रह त्या घटकेला एका स्पंदक ताऱ्याकडे बघत होता. सतत गिरक्या घेणारा, दीपगृहासारखे झोत फिरवणारा तारा. उपकरण नुसतं कागदावर होतं, तेव्हापासून मला याचंच ध्रुवण हवं होतं. निरीक्षणाचं अर्धं काम झालं होतं. लवकरच तारा सूर्याच्या इतक्या जवळ दिसू लागणार होता, की उपग्रहाला तिकडे तोंड करता आलं नसतं. त्याआधी उरलेलं निरीक्षण पुरं करायचं, निकाल काढायचा आणि उन्हाळ्यात खुर्ची सोडायची, असा माझा सरळ बेत होता.

बारामतीतून इंदापूरच्या रस्त्याला लागलो की थोड्याच वेळात काटेवाडी. तिथे सारिकाच्या सुमनआत्यांकडे जेवण होतं. घरामागे गाई, गाईंच्या मागे दोडक्याचा मांडव आणि त्याच्याही मागे दोन पुरुष उंचीचा ऊस. आत्यांनी शेंगोळी (कुळथाच्या पिठाचे, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेले वळे) आणि बाजरीची भाकरी वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघून त्यांनी त्यावर तूप ओतलं. मग आणखी डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा आणखी तूप.

जेवल्यावर आत्या ऊस तोडून त्याचे करवे (सोललेले छोटे तुकडे) करू लागल्या. "बेंगळुरात असला मिळतो का बगा!" मी शहाण्या माणसासारखा करवा घ्यायला हवा होता. पण मला अख्खं कांडं दाताने सोलायची हौस आली. एका झटक्यात समोरच्या दातावरची टोपी निघाली आणि चिपाडाबरोबर थेट गाईच्या गव्हाणीत गेली.

"गिळली!" आत्या ओरडल्या. "गंगीनं गिळली!"

गंगी शांतपणे रवंथ करत होती. त्यानंतर माझ्या तोंडून प्रत्येक 'स' शीळ वाजवत बाहेर पडू लागला. आत्या पदराआड हसत होत्या. त्यांनी थोडा आवर घालायचा प्रयत्न केला, मग तोही सोडला.

एवढ्यात सारिकाचा फोन वाजला. तिने वाचलं आणि तिचं हसू थांबलं. तिने पुन्हा वाचलं.

"काय झालं?"

"काही नाही, मॅडम."

"सारिका!" माझी शीळ अंगणभर घुमली.

तिने फोन पुढे केला. सबंध आकाशावर पाळत ठेवणाऱ्या दुसऱ्या एका उपग्रहाने कळवलं होतं की वर्षानुवर्षं झोपलेलं एक कृष्णविवर जागं झालं आहे. शेजारच्या ताऱ्याचा वायू त्यात कोसळू लागला होता. क्ष-किरणांची तेजस्विता सकाळपासून चढत चालली होती.

हे किती मोठं, ते कामातल्या माणसाला लगेच कळतं. असा भडका येतो आणि काही आठवड्यांत विझतो. पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. तेजस्वी असताना पकडला तर आमच्या उपकरणाला भरपूर कण मिळणार. पण पकडायचा तर उपग्रह माझ्या ताऱ्यावरून काढून तिकडे वळवावा लागणार.

मी फोन परत दिला. "बघू," म्हटलं.

आत्यांचा निरोप घेऊन निघालो आणि भवानीनगरच्या पुढे ऊसगाड्यांच्या रांगेत अडकलो. ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर डोंगराएवढा ऊस आणि ट्रॅक्टरवर मोठमोठे भोंगे. एकावर लावणी, पुढच्यावर भक्तिगीत. मधे आमची जीप.

"मॅडम," सारिका समोर बघत म्हणाली, "आज संध्याकाळी उपग्रह आपल्या नियंत्रण केंद्रावरून जातो तेव्हा आज्ञा चढवता येईल. ती वेळ चुकली तर उद्या."

"मला माहीत आहे."

"उद्यापर्यंत चढण निघून गेली तर?"

"तर उतरण मिळेल."

तिने गिअर बदलला. मग एकदम म्हणाली, "तुमचा तारा कुठे जात नाही. पुढच्या मोसमात पुन्हा दिसेल."

"पुढच्या मोसमात मी नसेन."

"मला माहीत आहे, मॅडम. म्हणूनच मी दुपारपासून गप्प होते."

"मग आताही गप्प राहा," मी म्हटलं. ते लागलं असणार, पण शिळेमुळे विनोदीही वाटलं असणार. तिचा ओठ थरथरला, आणि ते रडण्याने की हसण्याने, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. कोणतं निरीक्षण कधी करायचं, हे ठरवणाऱ्या समितीची मी प्रमुख होते. आणीबाणीत प्रमुखाने एकट्याने ठरवायची मुभा होती. मात्र आपलंच निरीक्षण आड येत असेल तर दुसऱ्या सदस्याला विचारायचं, असा नियम. इंदापूर ओलांडल्यावर रेंज मिळाली तेव्हा मी समितीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो बातमी ऐकून होता. म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते. पण निवृत्तीआधी तुमचं हे काम पूर्ण व्हावं, असं आम्हा सगळ्यांना वाटतं. कुणी काही बोलणार नाही." मला हवं होतं ते उत्तर मिळालं. फोन ठेवल्यावर मात्र त्याचं समाधान वाटेना.

वरकुट्यात सारिकाचं घर मळ्यात आहे. डाळिंबाची बाग, थोडी ज्वारी, एक शेततळं. तिचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, ज्वारीच्या कडेला आगटी (हुरडा भाजायचा निखाऱ्यांचा खड्डा) पेटवून वाट बघत होते. आईंनी तिळाची चटणी, दही आणि गूळ मांडून ठेवला होता. तात्या कणसं निखाऱ्यात खुपसत, बाहेर काढून तळहातावर चोळत आणि गरम हिरवे दाणे माझ्यासमोर ओतत. तोंडात दूध फुटावं तसे ते दाणे. दात पडल्याचं दुःख मी साफ विसरले.

पण सारिका खात नव्हती. तात्यांच्या ते लक्षात आलं.

"काय झालंय? भांडलाय व्हय दोघी?"

"न्हाय तात्या," सारिका म्हणाली.

"मग त्वांड का असं?"

मीच सांगितलं. उपग्रह एक, बघायच्या जागा दोन. माझं काम निम्मं झालंय, सारिकाला दुसरीकडे वळवायचंय, आणि तिचं जे आहे ते थोडे दिवसच दिसणार आहे.

तात्यांनी कणीस खाली ठेवलं. "पाटाच्या पाण्यागत हाय की हे. पाळी तुमची हाय ना?"

"आहे."

"मग सोडायची न्हाय! पाळी म्हंजे पाळी. आन सारिके, तू पाहुण्या मॅडमसंगं वाद घालतीस? घरी बोलवून?"

"मी वाद घातला नाही तात्या, मी फक्त..."

"घातला तर घातला," आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "पोरगीला एवढं शिकवलं ते काय गप बसाय? तिचं आज हाय, उद्या न्हाय. मॅडमचं ऱ्हानारच हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला कळतंय तेवडंच."

दोघांत चांगलीच जुंपली. नवरा परक्या बाईच्या बाजूने, बायको मुलीच्या बाजूने, आणि ज्यांचं भांडण होतं त्या आम्ही दोघी हुरडा हातात घेऊन बघत बसलेल्या. तात्यांनी मागच्या उन्हाळ्यातली चुलत्याबरोबरची पाण्याची कटकट काढली, आईंनी लग्नातली एक. शेवटी सारिकाच उठली. "मॅडम, नवीन आकडे आले असतील. शेततळ्याच्या बांधावर रेंज मिळते. येता?"

बांध उंच होता. चढताना तिने हात दिला. वर वारा होता आणि तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाणी लपलपत होतं. मी लॅपटॉप गुडघ्यांवर उघडला. तिने फोन त्याला जोडला आणि पडद्यावर आलेख उमटला. डावीकडे सपाट रेघ, वर्षानुवर्षांची, मेलेल्या माणसाच्या नाडीसारखी. मग उजव्या टोकाला ती उठली होती आणि सरळ वर निघाली होती. दुपारी आम्ही बघितलं होतं त्याच्या कितीतरी वर.

मी तो आलेख बघत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी माझा तारा, माझी निवृत्ती, समिती, काहीच मनात नव्हतं. मनात एकच होतं. आमच्या शास्त्रात एक जुना वाद आहे. कृष्णविवराजवळ जो अतितप्त वायू असतो, तो भोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीच्या वर खांबासारखा उभा असतो की चकतीवर भाकरीसारखा पसरलेला? मी सगळी वर्षं खांब शिकवत आले. आमच्या गटात सारिका एकटी भाकरीवाली, तेही हळू आवाजात. याचं उत्तर फक्त ध्रुवणाची दिशा देऊ शकते. वायू जसा पसरलेला, त्याच्या काटकोनात किरण डोलतात: खांब असेल तर आडवे, भाकरी असेल तर उभे. आणि उत्तर देऊ शकेल एवढं तेजस्वी काहीतरी तिथे वर, आत्ता, पेटत होतं.

मला बघायचं होतं. मी इतक्या वर्षांपूर्वी हे काम पत्करलं ते बघायला मिळावं म्हणून. ते माझ्या नावावर लागावं, ही हौस मागून आली असणार.

"वेळ किती उरला?" मी विचारलं.

सारिकाने माझ्याकडे पाहिलं. "पुरेल."

मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. ड्यूटीवरच्या तरुण इंजिनिअरला सांगू लागले, "सध्याचं निरीक्षण थांबवा. नवीन स्रोत..." आणि 'स्रोत'पाशी अशी काही शीळ गेली की पलीकडून तो म्हणाला, "मॅडम, लाईनमध्ये डिस्टर्बन्स आहे. पुन्हा सांगा."

"स्रोत!"

"मॅडम, नुसती शिट्टी येतेय."

मी फोन सारिकाच्या हातात दिला. "तू सांग."

"मी?"

"तू. माझी परवानगी आहे, हे आधी सांग. मग जागा सांग. आणि त्या दुसऱ्या सदस्यांना मी लेखी कळवते, म्हणावं."

तिने घसा साफ केला. आमच्या बैठकीत वहीत मान घालणारी मुलगी वाऱ्यावर आवाज चढवून, एकेक आकडा दोनदा उच्चारत, आकाशातली एक जागा सांगत होती. खाली आगटीपाशी तात्या-आईंचं भांडण थांबलं होतं. दोघंही माना वर करून बघत होती. फोन संपल्यावर ती बांधावर उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. सूर्य मावळत होता आणि माझा तारा, जो तसा डोळ्यांना कधीच दिसत नाही, त्या रात्रीपासून उपग्रहालाही दिसणार नव्हता. तात्यांनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "पाळी सोडली." त्यांना ते मनापासून आवडलं नाही. पण त्यांनी सगळ्यात भरलेलं कणीस निवडून माझ्यासाठी निखाऱ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी आम्हाला डाळजला सोडलं. सोलापूर हायवेवरून आत वळलं की उजनी धरणाचं मागे पसरलेलं पाणी लागतं. थंडीत तिथे रोहित पक्षी उतरतात. नावेवाले नाना नावाचे गृहस्थ होते, डोक्याला मफलर आणि डोळ्यांवर झकपक गॉगल.

"पाहुण्या कुठल्या?" त्यांनी सारिकाला विचारलं.

"बेंगळुरूच्या. सायंटिस्ट हायत."

"व्हय का! मग तुमास्नी ह्यो चष्मा दावतो." त्यांनी अभिमानाने गॉगल काढून मला दिला. "मुंबईच्या एका पावन्यानं दिला. पाण्यातलं मासं दिसत्यात."

मी तो घातला आणि पाण्यावरची चकाकी नाहीशी झाली. खाली शेवाळ दिसलं आणि त्यातून सुळकन जाणारी चिलापी मासळी. मान वाकडी केली तर चकाकी परत आली. सरळ केली, गेली. पाण्यावरून उसळलेला प्रकाश आडवा डोलतो आणि हा चष्मा आडवं डोलणारं अडवतो. आयुष्यभर मी हे शिकवलं होतं, पण खरोखरचा मासा दिसण्यासाठी कधी वापरलं नव्हतं. मी नावेत बसून मान इकडून तिकडे कलती करत राहिले. नानांनी काळजीने विचारलं, "मान धरली का मॅडमची?"

सारिका हसायला लागली. आदल्या दुपारपासून पहिल्यांदा. तिचं बघून मलाही हसू आलं आणि त्यात एक शीळ निसटली. त्या आवाजाने म्हणा, किंवा नावेच्या चाहुलीने म्हणा, समोरचा थवा उठला. एवढा वेळ पांढुरके, एका पायावर पेंगणारे पक्षी पंख उघडताच लालबुंद झाले आणि पाण्यावरून लांबच लांब रांग धरून निघून गेले.

"तुमी उडवलं," नाना म्हणाले. "आता तासभर येत न्हाईत."

आम्ही काठावर येऊन मासे आणि भात खाल्ला. रस्सा काटेवाडीपेक्षा सौम्य होता, किंवा माझी जीभ एव्हाना तयार झाली होती. जेवता जेवता सारिका म्हणाली, "मॅडम, तुम्ही रागावला असाल असं मला रात्रभर वाटत होतं."

"रागावले होतेच. पण तुझ्यावर नाही."

"मग कुणावर?"

"कॅलेंडरवर," मी म्हटलं आणि चिलापीचा काटा काढायच्या कामाला लागले.

संध्याकाळी भिगवणहून पुण्याची गाडी मिळाली. आईंनी पिशवीत डाळिंबं कोंबली होती. ती पुण्यापर्यंत माझ्या पायाशी घरंगळत राहिली आणि डब्यातल्या अर्ध्या लोकांनी ती गोळा करून दिली. बेंगळुरूला पोचल्यावर पहिलं काम दाताच्या डॉक्टरांकडे, दुसरं समितीला पत्र. सहकारी म्हणाला, "तुम्ही असं कराल, असं वाटलं नव्हतं." मलाही वाटलं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

कृष्णविवराचा भडका टिकला. आम्ही घाबरलो होतो त्यापेक्षा पुष्कळ दिवस. कण मोजणाऱ्या पेट्या भरत गेल्या. हिशेबाचं सगळं काम सारिकाने अंगावर घेतलं आणि मी मुद्दाम तिच्या टेबलाकडे फिरकायचं टाळलं, कारण मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले की ती चुका करते. माझा तारा दरम्यान सूर्याच्या दिशेत सरकून गेला. तो परत दिसेल तेव्हा त्याचं निरीक्षण करायचं, असं समितीने ठरवलं. ते माझ्यानंतरचे लोक करतील. मी दुरून फोन करून त्यांना छळणार, हेही ठरलेलंच आहे.

प्रवास करून आलं की काय मिळालं, असं लोक विचारतात. मी काही स्थळदर्शनाला गेले नव्हते. दोन दिवसांत एक कॉलेज, एक गोठा, एक बांध आणि एक नाव पाहिली. पण बेंगळुरूच्या माझ्या खोलीत तो आलेख आला असता, तर मी दार लावून घेऊन सहकाऱ्याचं सोयीचं उत्तर मान्य केलं असतं, अशी मला दाट शंका आहे. तिथे माझ्यासमोर कुणी बसलं नसतं. वरकुट्यात सगळं घर बसलं होतं, आणि त्यात एक मुलगी न खाता बसली होती.

एका दुपारी सारिका माझ्या खोलीत आली. दारावर टकटक केली नाही. तिने एक कागद टेबलावर ठेवला. त्यावर दोन रेघा होत्या. एक रेडिओ दुर्बिणींनी पाहिलेल्या, कृष्णविवराजवळून चकतीवर सरळ उभ्या निघणाऱ्या झोताची दिशा. दुसरी आमच्या ध्रुवणाची. दोन्ही जवळजवळ एकमेकींवर होत्या. किरण झोतासारखे उभे डोलत होते, म्हणजे वायू झोताबरोबर खांबासारखा उभा नव्हता, तर आडवा, चकतीवर पसरलेला होता.

मी कागद फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. चूक शोधायला मी तिला चार प्रश्न विचारले. चारही प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे तयार होती.

"मॅडम," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही चुकीचं शिकवत होता."

तिची मान वर होती. माझ्या डोळ्यांत बघत, अजिबात न अडखळता ती हे म्हणाली. मी तिला खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, "बस. आता मला पहिल्यापासून नीट समजावून सांग."